घरचा पाहुणा, परदेशचा पासपोर्ट

दिवाळी तोंडावर आली म्हणजे वऱ्हाडांतील जुन्या घरांतून एक निराळीच लगबग सुरू होते. भाजणी भाजली जात असते, माळ्यावरच्या गाद्या उन्हांत पडलेल्या असतात, आणि वडील माणसें दिवसांतून दहा वेळां विचारीत असतात, "विमान कितीला उतरणार?" अमेरिकेंतला नातू, इंग्लंडमधली पुतणी, ऑस्ट्रेलियांतला भाचा, यांपैकी कोणीतरी येणार असतें. अकोल्यापासून जवळच असलेल्या आमच्या बार्शीटाकळीसारख्या गांवींहि हा अनुभव आतां नवा राहिलेला नाहीं.

गेल्या दिवाळींत आमच्याच घरीं असे पाहुणे आले. आमच्या थोरल्या बंधूंचा नातू अमेरिकेंत जन्मला, तेथेंच शिकला, आणि दीड वर्षापूर्वीं तेथील एका मुलीशीं त्याचा विवाह झाला. नव्या नातसुनेला घेऊन तो प्रथमच घरीं येत होता. पाहुणे येऊन उतरले कीं चोवीस तासांच्या आंत त्यांची माहिती सरकारदप्तरीं कळवावी लागते, असें आम्हीं घरांत सांगितलें मात्र, आमच्या वहिनी एकदम उसळल्या. "भावजी, माझा नातू माझ्या घरीं येतो, त्याची वर्दी पोलिसांत कां म्हणून द्यायची? तो काय परका आहे?"

त्या प्रश्नांत नुसता राग नव्हता, दुःखहि होतें. ज्याचें बारसें आपण करावें, ज्याच्या मुंजींत भिक्षावळ घालावी, तो मुलगा कायद्याच्या दृष्टीनें परदेशी आहे, ही गोष्ट ऐकण्यास कोणत्या आजीला गोड वाटेल? परंतु ती खरी आहे. आणि ज्या घरांतून मुलें परदेशीं गेलीं आहेत त्या प्रत्येक घरानें ती नीट समजून घेतली पाहिजे. घरच्या पाहुण्याच्या कागदपत्रांविषयीं 'आपलाच तर आहे' म्हणून केलेली हयगय शेवटीं त्या पाहुण्यासच भोंवते. म्हणून या लेखांत आम्ही आमच्या वाचक-कुटुंबांपुढें हाच विषय मांडूं इच्छितों.

पूर्वींच्या चौक्या

अशी कुचंबणा आपल्या समाजास अपरिचित नाहीं. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला सरकारपेक्षां जातीचीच चौकी अधिक जाचक होती. प्रायश्चित्त घेतलें कीं नाहीं, पंक्तीस बसवावें कीं नाहीं, यावरून घरेंच्या घरें दुभंगलीं. आनंदीबाई जोशी १८८३ सालच्या एप्रिल महिन्यांत कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. त्यापूर्वीं सेरामपूर येथें जाहीर व्याख्यान देऊन 'मी कां जातें' हें त्यांना लोकांस समजावून सांगावें लागलें. पासपोर्टाची सार्वत्रिक सक्ति ही पुढें पहिल्या महायुद्धाची देणगी होय. हिंदुस्थानांत प्रवेशासाठीं पासपोर्टाचा कायदा १९२० सालीं झाला. परदेशीयांच्या नोंदणीचा १९३९ सालीं, आणि परदेशी नागरिकांसंबंधींचा मुख्य कायदा १९४६ सालीं. स्वातंत्र्यानंतरहि हेच कायदे दीर्घकाळ चालूं राहिले. अखेर हे तीन कायदे आणि वाहतूक कंपन्यांच्या जबाबदारीविषयींचा २००० सालचा कायदा, असे चारहि रद्द होऊन त्यांच्या जागीं 'आप्रवास व परदेशी नागरिक अधिनियम, २०२५' आला. तो १ सप्टेंबर २०२५ पासून अमलांत आहे.

जातीची चौकी उठली, हें चांगलेंच झालें. सरकारी चौकी मात्र जगांतील प्रत्येक देशांत आहे, आणि ती अपमानासाठीं उभारलेली नाहीं.

आपला कोण, परदेशी कोण?

पहिला घोटाळा होतो तो येथें. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणें भारतीय माणसानें स्वेच्छेनें दुसऱ्या देशाचें नागरिकत्व घेतलें, कीं त्याचें भारतीय नागरिकत्व आपोआप संपतें. आपण एकाच वेळीं दोन देशांचें नागरिकत्व मानीत नाहीं. मग जुना भारतीय पासपोर्ट 'असूं दे कपाटांत' म्हणून ठेवून चालत नाहीं. तो रीतसर परत करावा लागतो, आणि त्यावर प्रवास करणें हा गुन्हा ठरतो. मुलगा पुण्यांत जन्मलेला असो वा अकोल्यांत, तिकडचें नागरिकत्व घेतल्या दिवसापासून तो भारतांत येतो तो परदेशी नागरिक म्हणून.

अशांच्या सोयीसाठीं 'ओ. सी. आय.', म्हणजे समुद्रपार भारतीय नागरिक, हें कार्ड आहे. नांवांत 'नागरिक' हा शब्द असला तरी हें नागरिकत्व नव्हे. तो एक आजन्म प्रवेशाचा परवाना आहे. या कार्डावर कितीहि वेळां येतां येतें, कितीहि दिवस राहतां येतें, आणि मुक्काम लांबला तरी परदेशी म्हणून नोंदणी करावी लागत नाहीं. मतदानाचा हक्क मात्र मिळत नाहीं, आणि शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. वडिलोपार्जित शेती वारशानें येऊं शकते, हें वऱ्हाडांतील कुटुंबांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार किंवा गिर्यारोहण करावयाचें असल्यास या कार्डधारकांनाहि वेगळी परवानगी लागते.

कार्डधारकाच्या परदेशी पत्नीला किंवा पतीला हें कार्ड मिळूं शकतें, पण विवाहाची नोंदणी होऊन दोन वर्षें पूर्ण झालेलीं असलीं पाहिजेत. आमच्या घरीं नेमकें हेंच झालें. नातवाजवळ कार्ड होतें; नातसुनेचीं दोन वर्षें भरलेलीं नव्हतीं, म्हणून तिला व्हिसा काढावा लागला. एकाच उंबरठ्यावर एकाच वेळीं ओवाळलेल्या दोघांचे नियम असे वेगवेगळे होते.

निघण्यापूर्वीं

प्रवासी व्हिसा आतां घरबसल्या संगणकावरून मिळतो. ही सोय भारत सरकारनें २०१४ च्या नोव्हेंबरांत सुरू केली. तीस दिवसांचा, एक वर्षाचा व पांच वर्षांचा असे त्याचे तीन प्रकार आहेत. व्हिसा पांच वर्षांचा असला म्हणून सलग पांच वर्षें राहतां येत नाहीं. एका वर्षांत किती दिवस राहतां येईल याची मर्यादा असते, ती व्हिशाच्या कागदावर वाचून घ्यावी. ठराविक विमानतळांवरच हा व्हिसा चालतो; मुंबई व नागपूर हीं दोन्ही त्यांत आहेत. पासपोर्टाची मुदत पोंचल्यापासून निदान सहा महिने शिल्लक असावी, आणि त्यांत दोन पानें कोरीं असावींत. प्रवासी व्हिशावर नोकरी-धंदा करतां येत नाहीं.

येथें एक सावधगिरीची सूचना. सरकारी संकेतस्थळासारखींच दिसणारीं अनेक खोटीं संकेतस्थळें आहेत. तीं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, आणि पासपोर्टाची सगळी माहिती भलत्याच हातीं जाते. अर्ज भारत सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावा. पासपोर्टावर नांव जसें छापलें असेल तसेंच, अक्षर न अक्षर, अर्जांत लिहावें. आडनांवाचें एक अक्षर चुकल्यानें माणसें विमानतळावर अडकून पडलेलीं आहेत.

ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांसाठीं आगमनाचें कार्डहि संगणकावर भरण्याची सोय झाली आहे. येण्यापूर्वीं ७२ तासांच्या आंत तें भरावें. त्याला पैसे पडत नाहींत. त्यांत भारतांतील पत्ता विचारतात. तो पाहुण्याला तोंडपाठ नसतो, म्हणून आधींच लिहून पाठवावा. पीतज्वराचा प्रादुर्भाव असलेल्या आफ्रिकेंतील वा दक्षिण अमेरिकेंतील देशांतून कोणी येत असेल, तर त्या लसीचें प्रमाणपत्र बरोबर हवें. लस टोंचल्यापासून दहा दिवसांनीं तें ग्राह्य होतें. तें नसल्यास सहा दिवसांपर्यंत अलग ठेवलें जाऊं शकतें.

पेटींत काय नसावें?

तिकडे उघड विकल्या जाणाऱ्या कित्येक वस्तु आपल्याकडे गुन्ह्याच्या सदरांत मोडतात, आणि तरुण पाहुणे त्या सहज खिशांत घालून येतात. इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर आपल्या देशांत २०१९ पासून बंदी आहे. अमेरिकेच्या कांहीं राज्यांत गांजा कायदेशीर झाला असून त्याच्या गोळ्या व मिठाया दुकानांत मिळतात. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखालीं त्या जवळ बाळगणें हा गंभीर अपराध आहे. उपग्रहावरून चालणारा फोन परवान्याशिवाय आणतां येत नाहीं; डोंगर चढणारे लोक जें उपग्रहाचें संदेशयंत्र वापरतात, त्यालाहि हाच नियम लागूं आहे. ड्रोन विमानाच्या आयातीवर २०२२ पासून बंदी आहे. नातवानें लोणारच्या सरोवराचें वरून चित्र घेण्यासाठीं आपलें ड्रोन आणण्याचा बेत केला होता. तो आम्हीं वेळींच मोडला.

नेहमीचीं औषधें मूळ वेष्टनांत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणावींत. परकी चलनाच्या नोटा ५,००० डॉलरांहून अधिक असल्या, किंवा नोटा व प्रवासी धनादेश मिळून १०,००० डॉलरांहून अधिक रक्कम असली, तर ती जकात अधिकाऱ्यांपुढें जाहीर करावी लागते.

यजमानाचें कर्तव्य

आतां वहिनींच्या प्रश्नाकडे वळूं. परदेशी पाहुणा हॉटेलांत उतरला तर हॉटेलवाला त्याची माहिती कळवितो. धर्मशाळा, वसतिगृह, रुग्णालय यांनाहि तोच नियम आहे. परंतु खाजगी घरहि त्यांतून सुटलेलें नाहीं, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. पूर्वींपासून 'सी फॉर्म' म्हणून ओळखलें जाणारें हें विवरण पाहुणा आल्यापासून चोवीस तासांच्या आंत संगणकावरून पाठवावें लागतें. त्यांत पाहुण्याचें नांव, पासपोर्टाचा व व्हिशाचा क्रमांक, भारतांत कोठें व केव्हां उतरला, घरीं केव्हां आला, आणि पुढें कोठें जाणार, एवढीच माहिती असते.

मात्र त्यासाठीं यजमानानें आधीं त्या संकेतस्थळावर आपल्या घराची नोंद करावी लागते, आणि ती नोंद मंजूर होण्यास वेळ लागतो. म्हणून पाहुण्याच्या येण्यापूर्वीं पंधरा दिवस हें काम उरकावें. कांहीं अडचण आल्यास पोलीस ठाण्यांत समक्ष जाऊन विचारावें. ओ. सी. आय. कार्डधारकाची माहितीहि त्याच वेळीं भरून टाकावी, असें आम्ही सुचवितों. विवरण भरल्याची प्रत छापून घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावी. शिक्षण, नोकरी वगैरेंच्या १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिशावर आलेल्या परदेशीयानें याखेरीज चौदा दिवसांच्या आंत स्वतःची नोंदणी करावयाची असते. मुदत संपल्यावर राहणें तर कदापि नको. नव्या कायद्यांत त्यासाठीं तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

वहिनींचा रुसवा असतांनाच आम्हीं तें विवरण भरलें. त्याचा उपयोग काय, हें तीन आठवड्यांनीं कळलें. परतीचें विमान पांच दिवसांवर आलें असतां नातसुनेला कडकडून ताप भरला. रक्त तपासलें तों डेंग्यू निघाला. रक्तांतील पेशी उतरल्या, अकोल्यास रुग्णालयांत ठेवावें लागलें, आणि डॉक्टरांनीं विमानप्रवास साफ मना केला. व्हिसा होता तीस दिवसांचा. वैद्यकीय कारणास्तव मुदत वाढवून मागण्याचा अर्ज केला, तेव्हां रुग्णालयाच्या दाखल्याबरोबर राहण्याचा पुरावा म्हणून तीच विवरणाची प्रत जोडावी लागली. ती तयार होती, तारखा जुळत होत्या. आजारी मुलीच्या उशाशीं बसून तिच्या माणसांना 'तुम्ही आजवर कोठें होतां?' या प्रश्नाचें उत्तर शोधावें लागलें नाहीं. पोर बरी होऊन सुखरूप परत गेली.

गांवापर्यंतचा रस्ता

बार्शीटाकळीस यावयाचें तर मुंबईहून किंवा नागपूरहून आगगाडीनें अकोल्यास उतरणें सर्वांत सोयीचें. मुंबई-नागपूर-हावडा या हमरस्त्यावर अकोला असल्यानें गाड्या पुष्कळ आहेत. अमरावतीचें बेलोरा विमानतळहि एप्रिल २०२५ मध्यें प्रवाशांसाठीं खुलें झालें. अकोला-पूर्णा हा लोहमार्ग २००८ सालीं रुंद झाला असून आपलें स्टेशन त्याच मार्गावर आहे. लांबचा विमानप्रवास करून आलेल्या माणसांना रात्रींच्या मोटारींत कोंबून आणूं नये. एक रात्र मोठ्या शहरांत विश्रांति घेऊन दिवसाउजेडीं निघावें. परदेशी पाहुण्यानें येथें मोटार वा दुचाकी चालवावयाची असल्यास आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. अमेरिकेहून आलेल्यांना वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें जाण्याची संवय असते; रस्ता ओलांडतांना ते नेमके उलट्या दिशेस पाहतात. लहान मुलांचा हात म्हणून सोडूं नये.

प्रकृतीची काळजी

ऋतूचा विचार आधीं करावा. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो; परदेशांत वाढलेल्या मुलांना तें ऊन सोसत नाहीं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत डासांचा उपद्रव असतो, म्हणून मच्छरदाणी बांधावी, आणि हौद, कुंड्या, टाक्या यांत पाणी सांचूं देऊं नये. डेंग्यूचा डास दिवसां चावतो, हें आम्ही अनुभवानें शिकलों.

पाणी उकळून गार केलेलें द्यावें, आणि दांत घासण्यासाठींहि तेंच ठेवावें. पोट बिघडलें तर एक लिटर उकळलेल्या पाण्यांत सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडें थोडें पाजावें. परदेशांतील कित्येक मुलांना शेंगदाण्याचें वावडें असतें. तें एवढें तीव्र असूं शकतें कीं श्वास कोंडून जीव धोक्यांत येतो. आपल्याकडे चटणींत, उसळींत, चिवड्यांत शेंगदाणा असतोच. 'थोडासा खाल्ल्यानें काय होतें' असा आग्रह आजीनें प्रेमानेंहि करूं नये. आईबापांना आधीं विचारावें. कुत्रें चावलें तर जखम साबण-पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं लस सुरू करावी. हा रोग एकदां प्रकट झाल्यावर माणूस बहुधा वांचत नाहीं, म्हणून हळदीवर भिस्त ठेवूं नये.

पाहुण्याच्या फोनमध्यें तीन क्रमांक पहिल्याच दिवशीं घालून द्यावेत: कोणत्याहि संकटांत ११२, रुग्णवाहिकेसाठीं १०८, आणि पर्यटकांच्या मदतीसाठीं १३६३. त्यांच्या देशाच्या वकिलातीचाहि क्रमांक असावा. पासपोर्टाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, परंतु ती कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप मंडळावर टाकूं नये. पासपोर्ट हरवल्यास प्रथम पोलिसांत तक्रार, मग वकिलातींतून तात्पुरता पासपोर्ट, आणि मग देश सोडण्याची परवानगी, असा क्रम आहे.

गांवांत फिरतांना

गांवचें हेमाडपंती देवीचें मंदिर पाहुण्यांना आवर्जून दाखवावें. तेथील शिलालेख शके १०९८, म्हणजे इसवी सन ११७६ चा आहे. पादत्राणें कोठें काढावींत, गाभाऱ्यांत कोठवर जावें, हें दारांतच सांगावें. नंतर टोंकूं नये. माणसांचीं, विशेषतः बायकामुलांचीं छायाचित्रें विचारल्याशिवाय घेऊं नयेत. गोऱ्या पाहुणीभोंवतीं बाजारांत घोळका जमतो, त्यांत वाईट हेतु बहुधा नसतो. तरी तिला तें गुदमरवणारें वाटतें. घरची एखादी मुलगी नेहमीं बरोबर असावी. तिला एकटीनें फिरावेंसें वाटलें तर अडवूं नये, मात्र कोठें जाणार व केव्हां परतणार हें घरांत सांगून जाण्याचा परिपाठ ठेवावा. हा नियम घरच्या मुलांनाहि लावला, तर तो तिला जाचक वाटत नाहीं.

पाहुणीला निरोप देण्याच्या आदल्या दिवशींची गोष्ट. वहिनींनीं तिची ओटी भरली, हातावर दही घातलें, आणि आम्हांला हांक मारून म्हणाल्या, "भावजी, तो कागद नीट जपून ठेवा. पुढच्या वर्षीं पुन्हां भरायचा आहे." आम्हीं विचारलें, "आणि पोलिसांत वर्दी द्यायची ती?" त्या म्हणाल्या, "देऊं कीं. माझी माणसें माझ्या घरीं आलीं आहेत, हें सरकारलाहि कळूं दे."

तो कागद आम्हीं देवघराशेजारच्या फडताळांत, घराच्या इतर कागदांबरोबर ठेवला आहे.